पहिली सहा घरं

बोरगाव मेघे, ४ ऑक्टोबर २०२५

मयुरी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न वाचताच फाडलं नसशील, असं धरून लिहिते. माझा नंबर तू बंद करून ठेवलास, हे कळायला मला दोन महिने लागले. तोवर मी आपली रोज नेटवर्कला शिव्या देत होते. पत्ता मिळाला तो तू आईंना पाठवलेल्या स्वेटरच्या पार्सलवरून. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी दिला नसता. माझ्या हातचा चहा घेतात, पण कप परत देताना तोंड दुसरीकडे असतं.

भांडायला लिहीत नाही. नणंद-भावजयीचं भांडण करायला स्पीडपोस्ट कशाला हवं? काम पडलंय म्हणून लिहिते, असं समज. तुलाही तेच सोपं जाईल.

परवा गिरडचे रूपराव दुकानात आले. तेच, आपला अगदी सुरुवातीचा डब्बा घेणारे, बोलायला लागले की थांबत नाहीत ते. या वेळी त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि गप्प उभे राहिले. पिशवीत विहिरीवरची मोटार चालू-बंद करणारा आपला डब्बा होता, वायरी तोडून आणलेला.

"डब्बा पागल झाला, वहिनी," ते म्हणाले. "म्या सोता बंद केलता. लाल दिवा पायला. लाईन गेली, मंग आली, अन् मोटार आपोआप घुमाले लागली."

"जवळ कोणी होतं?"

"नाई ना. माही सून दहाच मिनिटं आंधी तिथंच बसून गेलती. म्हणून तं उचलून आणला."

जानेवारीत हिंगणीला हेमराजच्या विहिरीवर जे झालं, ते हेच. त्यानंही बंदचं बटन दाबलं होतं. लाल दिवा बघून तो मोटारीच्या दांड्यावरची, पाणी गळू नये म्हणून गुंडाळतात ती दोरी बदलायला बसला. लाईन आली, दांडा फिरला, आणि माझ्या भावाच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. हे तुला सांगायला नको, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

रूपरावांचा धरून तसले बासष्ट डब्बे आहेत, त्यातले एकसष्ट अजून विहिरींवर. पावसाळाभर मोटारी बंद होत्या, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. दिवाळी झाली की चण्याला, गव्हाला पाणी सुरू होईल. तुझ्या प्रोग्रॅममध्ये चूक आहे, मयुरी. फेब्रुवारीत मी हे सगळ्यांसमोर म्हटलं, वर्ध्याला चौकशीच्या जबाबात लिहून खाली सही केली, आजही म्हणते. ती चूक शोधून दे. हेमराजच्या डब्ब्यातली चिप माझ्याजवळ आहे, लोखंडी कपाटात साड्यांच्या खाली. घर सोडताना तू दारातून म्हणाली होतीस, "वहिनी, चिप वाचून पाहा." तेव्हा कोणी ऐकलं नाही. आता मी ऐकते. कुलूप लावलेली चिप वाचायची कशी, तेवढं लिही.

तुझ्या दादांना हे पत्र माहीत नाही.

छाया वहिनी

ता. क. सगळंच काही वाईट नाही. लाईन डिम झाली, व्होल्टेज उतरलं, की डब्बा झोपतो, अशी जी तक्रार सारखी यायची, ती गेल्या हिवाळ्यापासून एकदाही आली नाही.


१३ ऑक्टोबर

मयुरी,

चिठ्ठी मिळाली. वर नाव नाही, खाली नाव नाही, मध्ये सात ओळी. वीज बिलावरचा मजकूर याहून प्रेमळ असतो. पण अक्षर तुझंच आहे, आणि सातही ओळी मला एका वाचनात कळल्या. ते शिकवणंही तुझंच.

तुला आठवतं? तू चिप स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवली होतीस. अठ्ठावीस पायांची. मी आधी गोम समजून चपलेकडे हात नेला होता. "वहिनी, हिच्या पोटात तीन तऱ्हेच्या जागा आहेत," तू म्हणालीस. एक प्रोग्रॅमची, ती आपण एकदा भरायची. दुसरी पाटीसारखी, लाईन गेली की कोरी. तिसरी गोंदणासारखी, लाईन जावो की डब्बा महिनाभर पडून राहो, लिहिलेलं जात नाही. मोटार 'बंद' ठेवायची की 'ऑटो', हे त्या तिसऱ्या जागेतल्या एका घरात लिहून ठेवायचं, म्हणजे लाईन आल्यावर डब्बा तिथं बघून ठरवेल. आणि या जागांशिवाय रजिस्टर, म्हणजे आठ-आठ बारीक बटनांच्या ओळी. चिप जे काही करते ते त्या बटनांनीच. मी बारावी झालेली, लग्नाला चौदा वर्षं झालेली. इतक्या वर्षांत ज्यात मीठ पडत नाही असं काही मला समजावून सांगणारी तू पहिलीच. त्या दिवशी भात लागला होता आणि मला त्याचं काहीच वाटलं नव्हतं.

असो. तू लिहिलंस तसं केलं. तुझे दादा सेलूला गेले होते. हेमराजची चिप डब्ब्यात बसवली, कॉम्प्युटरची वायर लावली, दोन्ही बटनं दाबून धरली आणि लाईन दिली. कुलूपबंद चिप बाहेरून कोणाला वाचता येत नाही, पण तिला असं विचारलं की ती स्वतःच्या तोंडानं सांगते, ही सोय तू करून ठेवली होतीस आणि मला कधी बोलली नव्हतीस. स्क्रीनवर आकडे उतरत गेले. एक हजार चोवीस घरं.

तुझ्या चिठ्ठीप्रमाणे 'बंद' म्हणजे एकशे सत्तर आणि 'ऑटो' म्हणजे पंच्याऐंशी. त्या घरात दोन्ही नव्हते. एकशे अडतीस होते. कोणी बटन दाबून असा आकडा लिहूच शकत नाही. म्हणजे प्रोग्रॅमनंच काहीतरी भलतं लिहिलं. मी म्हणत होते ना?

त्यापुढच्या घरांत नुसते एक, चार, चार, एक, असे आकडे आहेत. डब्बा जागा झाला की आपण का झोपलो होतो ते एका रजिस्टरमध्ये बघतो आणि इथं नोंदवतो, असं तू लिहिलंस. एक म्हणजे लाईन गेली होती. चार म्हणजे लाईन डिम झाली म्हणून आपणच झोपलो. आठ म्हणजे भरकटलो होतो, आतल्या घड्याळानं हलवून उठवलं. सगळं छापून सोबत पाठवते. पहिल्या सहा घरांचा याच्याशी संबंध नाही, ती सोडून दे, असं तू म्हणतेस, म्हणून ती मी बघितली नाहीत.

सातवी ओळ मात्र जमली नाही. चिपमध्ये प्रोग्रॅमच्या बाहेर ज्या खुणा आपण आधीच बसवतो, त्या फ्यूजच्या खुणा वाचून पाठव, असं तू लिहिलंस. वाचायच्या यंत्राची वायर सैल झाली आहे. नवी आणली की बघते.

छाया वहिनी


१९ ऑक्टोबर

मयुरी,

तुझी दुसरी चिठ्ठी. तीच इथं उतरवते, म्हणजे मी नीट वाचली हे तुला कळेल.

"मी प्रोग्रॅममध्ये 'बंद नसेल तर ऑटो' असं लिहिलं. 'ऑटो नसेल तर बंद' असं लिहायला हवं होतं. ही माझी चूक आहे. पण ते घर मुळात बिघडलं कशानं? तीनशे बाराव्या घरापर्यंत चार, चार, चार आहेत. त्यानंतर एकही चार नाही, नुसते एक आणि आठ. हिंगणीची लाईन सुधारली का? खुणा पाठव."

ही माझी चूक आहे. तुझ्या अक्षरात. दोन दिवस मी ते वाक्य घेऊन घरभर हिंडले. करंज्या तळताना चिठ्ठी डब्याला टेकवून ठेवली होती, एका कोपऱ्यावर तुपाचा डागही पडला. आठ महिने माझ्या छातीवर जे बसलं होतं ते जरा सरकलं. तू कबूल केलंस, आता माझं काय उरलं?

लाईनचं विचारतेस, तर सुधारली असेल. हिंगणीला नवी डीपी बसवली म्हणे. म्हणून चार नसतील.

रूपरावांचा डब्बा वाचायला वेळ मिळाला नाही. दिवाळी आहे. तुझ्या दादांनी या हंगामासाठी नवीन तीस डब्बे कबूल केलेत. मी त्यांना गिरडचं सांगितलं. म्हणाले, "एकाचा बिघडला म्हणून साऱ्याइले सांगत फिरू का? सीझन जाऊ दे, मंग पाहू." मी पोळी उलटवली. यंत्राची वायर अजून मिळाली नाही.

वहिनी


२४ ऑक्टोबर

मयुरी,

यंत्राची वायर सैल नव्हती.

काल भाऊबीज होती. हेमराज आला. पाटावर बसला, मी ओवाळलं, आणि ओवाळणी काढायला त्यानं खिशात हात घातला तो उजवा. तिथं जे राहिलंय त्याला नोट सापडेना. मग डाव्या हातानं काढली आणि मला विचारतो, "डाव्या हातानं टाकली तं चालते का व, ताई?" मी चालते म्हटलं. तो हसला. मग अनारसा खाता खाता म्हणाला, "त्या मयुरीले देव पाहून घेईन." सहज म्हणाला, कोणी 'पाणी दे' म्हणतं तसं. त्याचा राग आता जुना झाला आहे, अंगवळणी पडला आहे. आणि तो मी त्याच्या हातात दिलेला आहे.

तो गेल्यावर मी दुकानात जाऊन बसले. समोर छापलेले आकडे होते. काय करायचं ते सुचेना, म्हणून ती सहा घरं बघितली. तू सोड म्हणाली होतीस ती. सदुसष्ट, बहात्तर, बहात्तर, पासष्ट, एकोणनव्वद, पासष्ट. आकड्यांची अक्षरं करायचा तुझा तक्ता भिंतीवर अजून आहे. एकेक अक्षर लावत गेले. तिसऱ्या अक्षरावरच मला कळलं, तरी सहाही लावली.

माझं नाव आहे तिथं. इंग्रजीत, सहा अक्षरी. त्या गोंदणाच्या जागेत, अगदी पहिलं. तू मला कधीच सांगितलं नाहीस.

आता मी सांगते, आणि तू हे उभ्यानं वाचत असलीस तर बस.

गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये तू नागपूरला ट्रेनिंगला होतीस. रोज चार-पाच फोन यायचे. "वहिनी, तुमचा डब्बा झोपते. शेजाऱ्याची मोटार चालते, माही बंद." मी तुला विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "झोपू दे. डिम लाईनवर चिपचं डोकं ठिकाणावर राहत नाही. झोपते म्हणूनच ती शहाणी." मला ते पटलं होतं. पण फोन तू उचलत नव्हतीस, मी उचलत होते.

मग मी एक दिवस तुझ्या कागदांत त्या खुणा बघितल्या. डिम लाईनवर झोपायचं की नाही, त्याची एक खूण आहे. मी ती काढली. चिपमध्ये प्रोग्रॅम पुन्हा भरला, कुलूप लावलं, लाईन मुद्दाम डिम करून बघितली. झोपला नाही! मी दुकानात एकटी होते आणि मोठ्यानं हसले. कोणी न शिकवता मला काहीतरी सापडलं होतं, मयुरी. तुला सांगणार होते. मग वाटलं, तू नको म्हणशील. नंतर सांगू. मग लोक म्हणायला लागले, वहिनीनं दुरुस्त केला, इंजिनेर पोरीले नाई जमलं ते वहिनीनं केलं. ते मला इतकं गोड लागलं की सांगायचं राहूनच गेलं. तक्रारीला आलेले आणि नव्यानं विकलेले धरून बासष्ट डब्ब्यांची खूण मी काढली. शिवाय हेमराजचा. पहिला त्याचाच. भाऊ आहे म्हणून त्याला रांगेत उभं केलं नाही.

आता तुला तीनशे बारावं घर कळलं असेल. प्रोग्रॅम पुन्हा भरला तरी जुन्या नोंदी पुसल्या जाऊ नयेत, ही सोय तूच करून ठेवली होतीस. म्हणून माझ्या हाताआधीचे चार तिथं आहेत आणि माझ्या हातानंतर एकही नाही. लाईन रोज डिम व्हायची. नवी डीपी वगैरे काही बसली नाही. डब्बा झोपायचा थांबला, जागेपणीच भरकटायला लागला, आणि भरकटता भरकटता त्यानं 'बंद'च्या घरावर भलतंच लिहिलं. तुझी ओळ उलटी होती, खरं आहे. पण घर मी बिघडवलं.

आणि हे मला काल कळलेलं नाही. नऊ जानेवारीला दवाखान्याच्या बाकावर बसले होते, आतून हेमराजचा आवाज येत होता, तेव्हाच मला ती खूण आठवली. मी स्वतःला म्हटलं, खुणेचा आणि मोटारीचा काय संबंध? रोज म्हणत राहिले. तू 'चिप वाचा' म्हणालीस तेव्हा चिप साड्यांखाली कोणी ठेवली? मीच ना?

रूपरावांचा डब्बा आज सकाळी वाचला. त्यातही चार नाहीत. 'बंद'च्या घरात दोन आहे, नुसता दोन.

परवा हिंगणीला जाते.

छाया


२७ ऑक्टोबर

मयुरी,

काल गेले होते. हेमराज गोठ्यापाशी होता. मी बसलेही नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं, तुला लिहिलं तसं, फक्त आकडे वगळून. तो ऐकत होता. डाव्या हातानं उजवा हात धरला होता.

"कवापासून मालूम आहे तुले?" त्यानं विचारलं.

"तू दवाखान्यात होतास तेव्हापासून."

मी धरून चालले होते की तो बोटांचं म्हणेल. पण त्याचं दुसरंच होतं. म्हणाला, "बोटं गेली ते गेली. पण त्या पोरीले म्या तुया आंगणात काय काय बोललो! तिच्या मायदेखत. तू चहाचा ट्रे घेऊन उभी होती, ताई. तू मले थांबोलं काऊन नाई?"

मयुरी, तो ट्रे माझ्या हातात होता, आणि मला त्या वेळी एकच काळजी होती की चहा बशीत सांडेल. खरंच तेवढीच. तू खाली बघून ऐकत होतीस. मी ट्रे खाली ठेवला असता तरी पुष्कळ झालं असतं.

"जाय आता," हेमराज म्हणाला. फाटकापर्यंत गेले तेव्हा मागून ओरडला, "बाकीचे डब्बे कोनाकडे हायेत?"

"यादी आहे."

"हिंगणीकडचे नावं लिहून ठेवून जाय."

लिहून दिली. अकरा होती. माझ्या हातातून कागद घेतला नाही, गव्हाणीवर ठेवायला लावला.

घरी येऊन तुझ्या दादांना सांगितलं. ते ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. "म्हणजे माह्या बहिणीले म्या घराबाहेर काढलं ते तुयासाठी," एवढंच म्हणाले आणि गाडीची किल्ली घेऊन बाहेर गेले. तुझी बाजू त्यांनी घेतली नव्हती, ती माझ्या सहीमुळे. हे तुला कळावं म्हणून लिहिते. त्यांना माफ कर असं म्हणायचा मला हक्क नाही.

फोन करायला बसले. ज्यांना लागला त्यांना सांगितलं, मोटारीला हात लावायच्या आधी खांबावरची ग्रिप काढून लाईन तोडा, लाल दिव्यावर भरवसा ठेवू नका, मी डब्बा न्यायला येते. निम्मे लोक म्हणतात, चांगला चालू आहे, काऊन नेऊन राह्यल्या? चालू आहे हेच तर भय आहे, हे फोनवर कसं सांगू? गव्हाची पेरणी सुरू झाली आहे.

छाया


१० नोव्हेंबर

मयुरी,

ईमेलवर तुझा नवा प्रोग्रॅम आला. मजकूर काहीच नाही, नुसती फाईल. उलटी ओळ सरळ केली आहेस. 'बंद' आता तीन घरांत लिहून ठेवते आहेस, तिन्ही जुळली नाहीत तर मोटार सुरूच होणार नाही. आणि झोपायची खूण नसेल तर प्रोग्रॅम पुढं जाणारच नाही, अशीही सोय केलीस. ती कोणासाठी केलीस ते मला समजलं. बरं केलंस.

बासष्टचे बासष्ट परत आले. हिंगणीकडचे अकरा हेमराजनं आणले. मोटारसायकलच्या मागं पोत्यात बांधून, डाव्या हाताच्या जोरावर, दोन खेपांत. फाटकाशी ठेवले, घंटी वाजवली आणि निघून गेला. मी दार उघडलं तेव्हा वळणावर होता. समुद्रपूरकडचे तुझ्या दादांनी आणले. माझ्याशी बोलत नाहीत, पण रोज सकाळी यादीतलं नाव वाचतात आणि गाडी काढतात.

शेवटचा राहिला होता तो लीलाबाईंचा, गिरडच्या पुढं. फोन लागत नव्हता. शुक्रवारी मीच गेले, एस.टी.नं आणि मग पायी. घरी कोणी नव्हतं, सून म्हणाली विहिरीवर आहेत. कपाशीतून जाताना लांबून दिसल्या. मोटारीवर वाकलेल्या होत्या, बादलीनं पंपात पाणी भरत होत्या, आणि साडीचा पदर दांड्यावर लोंबत होता. खांबावरच्या डब्ब्याचे दिवे विझलेले. म्हणजे लाईन नव्हती. म्हणजे कधीही येणार होती.

मी ओरडले. त्यांना कमी ऐकू येतं. मयुरी, मी पळाले. पन्नास-साठ पावलं असतील, पण ढेकळांत चप्पल निघून गेली आणि मला सारखा हेमराजचा दवाखान्यातला आवाज येत होता. त्यांच्याकडे गेले नाही, आधी खांबाकडे गेले. तिन्ही ग्रिपा ओढून काढल्या. मग खालीच बसले.

"काय झालं व, बाई?" लीलाबाई म्हणाल्या. "बंद करूनच बसली मी. लाल दिवा पायला."

ग्रिपा पोटाशी धरून बसले होते. थोड्या वेळानं शेजारच्या शेतातली मोटार सुरू झाली. लाईन आली होती. आमची शांत होती. लीलाबाईंनी मला त्याच बादलीतलं पाणी प्यायला दिलं.

तो डब्बा त्याच संध्याकाळी वाचला. 'बंद'च्या घरात एकशे सत्तर नव्हते.

सगळे डब्बे वाचून बघितले. बासष्टांपैकी नऊ डब्ब्यांत 'बंद'चं घर बिघडलेलं होतं. नऊ विहिरी, आणि प्रत्येकीवर लाल दिव्यावर विश्वास ठेवणारं कोणीतरी. तो विश्वास मीच घरोघरी जाऊन दिला होता. बटन दाबा, दिवा बघा, मग बिनधास्त हात घाला, असं मीच शिकवायची. ग्रिप काढायची जुनी सवय लोकांची आपल्या डब्ब्यानं मोडली, हेही मी लिहून दिलं आहे.

लिहून दिलं म्हणजे, आज सकाळी वर्ध्याला जाऊन नवा जबाब दिला. जुना माझाच होता, तो खोटा आहे असं लिहिलं. चौकशी करणाऱ्या साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. पुढं काय होईल ते त्यांनाही नक्की सांगता आलं नाही. दुकानाचं काय होईल तेही माहीत नाही. नव्या तीस डब्ब्यांच्या गिऱ्हाइकांना मी आधीच कळवलं, त्यातल्या चौघांनी तरीही हवा म्हटलं. त्यांचे चार तुझ्या नव्या प्रोग्रॅमनं भरले. भरल्यावर खूण वाचून बघितली, चारही. तू पहिल्या दिवशी सांगितलं होतंस की लिहिल्यावर वाचून बघायचं. आता बघते.

आज आईंना चहा दिला. कप परत देताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे लाल होते.

तुला परत ये म्हणणार नाही. माझा नंबर सुरू कर, असंही म्हणणार नाही. तुझ्या ऑफिसात किंवा आणखी कुठं तुझ्या नावाला माझ्या सहीचा डाग लागला असेल, तर सोबत नव्या जबाबाची प्रत आहे. शिक्क्यासकट. लागेल तिथं दाखव.

साहेबांकडे मी जुन्या चिपाही दिल्या. हेमराजची धरून त्रेसष्ट, एका मिठाईच्या डब्यात. त्यांनी झाकण उघडलं आणि विचारलं, "हे नेमकं काम कोणाचं?" फेब्रुवारीत हाच प्रश्न होता, आणि मी म्हटलं होतं, प्रोग्रॅमवर जिचं नाव आहे तिचं.

मी म्हटलं, "साहेब, कोणतीही एक उचला. पहिली सहा घरं वाचा. त्यात नाव आहे."

तू ते प्रेमानं लिहिलं होतंस. मी ते खरं करून दाखवलं.

नव्या प्रोग्रॅममध्ये ती सहा घरं तू रिकामी पाठवलीस. मी त्यांत काही भरलेलं नाही.

छाया